‘पाव’ : एक शब्द नव्हे, तीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कणीक पायांनी तुडवत, म्हणून पाव’ हा मजकूर मोबाइलवर पुन्हा फिरतो आहे. त्याच्याच जोडीला ‘मोठ्या रोटीचा चौथा हिस्सा म्हणून पाव’ अशीही व्युत्पत्ती सांगितली जाते. दोन्ही चुकीच्या आहेत. कणीक कुठे पायांनी मळली गेली असेलही, पण शब्द त्यातून आलेला नाही.

खायचा पाव पोर्तुगिजांकडून आला. लॅटिन ‘पानिस’ म्हणजे भाकरी. पोर्तुगीज भाषेत त्यातला ‘न’ नाकात विरला आणि ‘पाँउ’सारखा उच्चार उरला. मराठीने तो ‘पाव’ असा घेतला. हा एकट्या शब्दाचा योगायोग नाही, याचा पुरावा ‘लिलाव’ या शब्दात आहे. तोही पोर्तुगीज, मुळात ‘लेइलाँउ’. शेवटच्या ‘आँउ’चा मराठीत दोन्हीकडे ‘आव’च झाला. बंगालीत ‘पाँउरुटी’वर चंद्रबिंदू अजून टिकून आहे. पोर्तुगीज १५०५मध्ये श्रीलंकेत आणि १५४३मध्ये जपानला पोहोचले. सिंहली व जपानी या दोन्ही भाषांनी तो नाकातला सूर ‘न’ म्हणून ऐकला, त्यामुळे तिथे पावाला ‘पान’ म्हणतात. आपल्या विड्याच्या पानाशी त्याचा संबंध नाही. ते संस्कृत ‘पर्ण’.

पायाची गोष्ट हिंदीच्या वळणाची आहे. हिंदीत पायाला ‘पाँव’ म्हणतात, मराठीत ‘पाय’. गंमत अशी की पायाशी खरं नातं आहे ते पाव किलोतल्या ‘पाव’चं. संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाय, आणि चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. प्राकृतात मधला ‘द’ गळाला. उरलेल्या दोन स्वरांच्या मध्ये एकीकडे ‘य’ आला तो ‘पाय’, दुसरीकडे ‘व’ आला तो ‘पाव’. सख्खी भावंडंच ही.

या ‘पाव’चं गोत मोठं आहे. ‘पादोन’, म्हणजे पावाने कमी, त्याचं ‘पाऊण’ झालं. ‘सपाद’, म्हणजे पावासह, त्याचा ‘सवा’. शेराचे छटाक सोळा, म्हणून पावशेर चार छटाकांचा. रुपयाचा पाव ती पावली, म्हणजे चार आणे. चवली तिच्या निम्मी, दोन आण्यांची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनची) हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असणाऱ्याला सव्वा रुपया डझनाने साडेतीन डझन किती, हे कागदाशिवाय सांगता येई. पाढे गेले आणि नेमके शब्दही गोंधळले. पाऊण एकटा आला की ०.७५, पुढे आकडा आला की ‘पावणे’ : पावणेदोन म्हणजे १.७५. घड्याळात १२.४५ला ‘पाऊण’ म्हणायचं. ‘पावणेएक’ हे ‘पावणेदोन’च्या नकलेने आलं आहे.

तिसरा ‘पाव’ क्रियापदाचा. ‘देवा, मला पाव’ यातला. संस्कृत ‘प्राप्’, प्राकृत ‘पावइ’, मराठी ‘पावणे’. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होणं मराठीला नेहमीचं : दीप–दिवा, ताप–ताव. नवसाला पावणारा गणपती, मृत्यू पावणे, आणि वीजबिल भरल्यावर हातात येणारी पावती, सगळे याच घरातले. गावाकडे आल्यागेल्याला ‘पावणं’ म्हणतात, ते मात्र ‘पाहुणा’चं रूप, मूळ ‘प्राघुण’.

तिघांना ओळखायला वाक्य पुरतं. ‘पावाला लोणी लाव’मध्ये शब्दाला विभक्ती लागते, ‘पावा-’ असं सामान्यरूप होतं. ‘पाव किलोला किती?’ यात ‘ला’ किलोला लागतो, ‘पाव’ हलत नाही. ‘मला पाव’ हे क्रियापद, त्याचे ‘पावतो, पावला, पावेल’ होतात.

आपल्या पत्रात शब्दांची माहिती देताना कृपया या तीन नोंदी वेगळ्या छापाव्यात, आणि ‘पायांनी तुडवलेल्या’ पावाची गोष्ट यापुढे व्युत्पत्ती म्हणून देऊ नये, ही विनंती.

– एक वाचक, सावंतवाडी