पहिला नंबर कोणाचा?

प्रिय बाप्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय हे रोज आठवतं आणि रोज मी ते उद्यावर ढकलतो. आता लिहितोय तेही प्रेमाचा उमाळा आला म्हणून नव्हे. काम आहे. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच, गोळ्या चालू. घरी सगळे ठीक. झाली खुशाली.

आता ऐक. संस्थेतली सगळी मशिनं विंडोज १० वर होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला आणि आमच्या कार्यकारिणीला ते कळायला आणखी बराच काळ लागला. अकरा टाकावं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, यादीत बसणारा प्रोसेसर हवा. आमच्याकडे दोन्ही नाही. नवीन घ्यायला पैसे नाहीत. मग कुणीतरी म्हणालं, "हा करतो ना ते लिनक्सचं काहीतरी." हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून निघावं म्हणून मी उभा जन्म वाट बघितली, हे तुला वेगळं सांगायला नको. मी सरसावून बसलो. तेवढ्यात खजिनदारांनी पिशवीतून एक कागद काढला. डिस्ट्रोवॉच या साइटची यादी, लिनक्सच्या निरनिराळ्या अवतारांची म्हणजे डिस्ट्रोंची क्रमवारी, रंगीत छापलेली, पहिल्या नंबराभोवती लाल पेनाने गोल. कॅचीओएस! "हे टाका. सध्या हेच चालतं."

बाप्या, त्या क्षणी तू शेजारी हवा होतास. मला हसू आवरेना आणि कशाला हसतोय ते त्या खोलीत एकालाही सांगता येईना.

कॅचीओएस वाईट नाही. आर्च या दुसऱ्या डिस्ट्रोवर बेतलेलं आहे, २०२५ मध्ये त्या यादीत वर गेलं, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते छानच चालतं. पण त्याची सगळी मिजास ही की पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, नव्या प्रोसेसरसाठी वेगळी कंपाइल केलेली असतात. मी घरी यायच्या आधी एका मशिनवर लाइव्ह पेनड्राइव्ह लावून प्रोसेसरचे फ्लॅग, म्हणजे त्याला काय काय जमतं ते, पाहिले. ती लांबलचक रांग बोट ठेवून वाचली. एव्हीएक्स आहे, त्या पॅकेजेसना लागणारं एव्हीएक्स२ नाही. म्हणजे तो खास वेग आमच्या नशिबी नाही, साधीच पॅकेजेस मिळणार. वर रोलिंग रिलीज, अपडेट सतत येत राहणार. अपडेट मारायच्या आधी आर्चच्या बातम्या कोण वाचणार, खजिनदार?

तर काळजी इथून सुरू झाली, आणि ती कॅचीओएसची नाही. "सध्या सगळ्यात जास्त काय चालतं?" या प्रश्नाला मला सरळ उत्तर देता आलं नाही. तूच सांग, कोण देईल? ती यादी मोजते काय, तर त्या डिस्ट्रोचं पान रोज किती जणांनी उघडलं. दुकानाच्या काचेतून डोकावणाऱ्यांची शिरगणती करायची आणि तिला विक्री म्हणायचं. स्वतः डिस्ट्रोवॉचवालेही म्हणतात की यावरून कोण किती वापरतं ते ठरवू नका. एमएक्स लिनक्स किती वर्षं वर बसलं होतं! ते वापरणारा प्रत्यक्ष माणूस मला आजवर एकच भेटला, आणि तो आपला दोस्त कर्नल. त्याला तू नमुना म्हणून धरशील का? उलट उबुंटू काय आहे हे बघायला त्या पानावर कोण जाईल? ते क्लाउडवर आहे, विंडोजच्या पोटात डब्ल्यूएसएल म्हणून आहे, तिथे कुणी मोजत नाही. गेमवाल्या स्टीमचं सर्वेक्षण बघावं तर लिनक्सवाल्यांत पहिलं स्टीमओएस, कारण त्यांचं हातातलं गेमयंत्र, स्टीम डेक. डेबियन या डिस्ट्रोची पॉपकॉन ही मोजणी बघावी तर ज्यांनी स्वतःहून होकार दिला तेवढेच त्यात. जेवढे तराजू तेवढी वजनं.

आणि आता तू जो प्रश्न विचारणार आहेस तो मीच विचारतो: "मग मी स्लॅकवेअर आणि तू मॅन्ड्रेक वापरायचास, तेव्हा हीच डिस्ट्रोंची यादी माझ्या तोंडावर कोण फेकत होतं?" मी. फेकत होतो आणि बरोबर होतो. तू स्लॅकवेअरवर बसून मॉनिटरचा हॉरिझॉन्टल सिंक हाताने टाइप करत होतास, आकडा चुकला तर ट्यूब जाईल म्हणून घाम पुसत होतास, आणि माझ्या मॅन्ड्रेकला केडीई डेस्कटॉपसकट सगळं आपोआप सापडलं होतं. तुझा तो साउंड ब्लास्टर, आवाजाचं कार्ड, मे महिनाभर मुका होता. ते मी अजून सोडलेलं नाही.

पण परवा रात्री एक गोष्ट डोक्यात आली आणि झोप उडाली. २००३ च्या जानेवारीत मॅन्ड्रेक त्या यादीत अव्वल होतं, आणि त्याच जानेवारीत ते काढणारी कंपनी मॅन्ड्रेकसॉफ्ट देणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला कोर्टात गेली होती. एकाच महिन्यात! पुढे सावरली, कनेक्टिव्हा कंपनीशी लग्न करून मॅन्ड्रिव्हा झाली, २०१० मध्ये माणसं बाहेर पडून माजिया हे वेगळं डिस्ट्रो काढून बसली, आणि २०१५ मध्ये कंपनी संपली. आणि तुझं स्लॅकवेअर? कधी पहिलं आलं नाही. १९९३ पासून तोच पॅट्रिक व्होल्कर्डिंग. १४.२ नंतर १५.० यायला २०१६ ते २०२२ लागली. पण आहे. तुझ्यासारखंच, हट्टी आणि जिवंत.

म्हणून मी वर-खाली होण्याचा इतिहास पुन्हा मनात फिरवून बघितला. माझं मत असं झालंय की या खेळात वर जाणारा क्वचितच स्वतः चढतो. बहुतेक वेळा वरच्याने लोकांना दुखावलेलं असतं. २०११ मध्ये उबुंटूने युनिटी ही नवी डेस्कटॉप मांडणी सगळ्यांच्या माथी मारली, लोक उठून मिंटकडे गेले. मिंटने तोवर असं काय मोठं केलं होतं? खाली मेन्यू ठेवला होता, जिथे तो असतो तिथे. पुढे २०१७ मध्ये उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीने युनिटी गुंडाळून ग्नोम डेस्कटॉप परत आणला, पण गेलेले सगळे थोडेच परतले? मग स्नॅप, उबुंटूची प्रोग्राम पोचवायची पद्धत. २२.०४ मध्ये फायरफॉक्ससुद्धा स्नॅपमधून, उघडायला लागणारा वेळ आठव. पुन्हा काही जण मिंटकडे, कारण मिंटने वीसाव्या आवृत्तीतच स्नॅपला दार बंद केलं होतं. सेंटओएसचं, रेड हॅट कंपनीच्या सर्व्हर लिनक्सच्या त्या फुकट प्रतीचं, तर विचारू नकोस. २०२९ पर्यंत चालेल म्हणून लोकांनी सेंटओएस ८ सर्व्हरवर चढवलं आणि ८ डिसेंबर २०२० ला रेड हॅटने सांगितलं, पुढच्या वर्षअखेरीस बंद. त्यातून अल्मा आणि रॉकी ही पर्यायी डिस्ट्रो जन्मली. आपला मास्तर त्या डिसेंबरात माझ्याशी फोनवर जे बोलला ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. आणि आता झोरिन हे डिस्ट्रो वर दिसतंय ते का? मायक्रोसॉफ्टने दुखावलं म्हणून. झोरिन १८ नेमकं १४ ऑक्टोबरलाच काढलं, याला म्हणतात दुकान थाटायची वेळ.

एकच अपवाद मला सापडतो, उबुंटूचा सुरुवातीचा काळ. तेव्हा त्यांनी खरंच काहीतरी केलं. शिपइट या त्यांच्या सेवेवरून सीडी मागवायची आणि ती फुकट, पोस्टाचा खर्चही त्यांचाच. आपण किती पाकिटं वाटली? तू तर घेणार नाही म्हणालास आणि नंतर तुझ्याच कपाटात गठ्ठा सापडला. "कोस्टर म्हणून ठेवल्यात," म्हणे. चहाचा एक डाग नव्हता त्यांच्यावर, बाप्या.

असो. मुद्दा असा की मला पाच वर्षं टिकणारं हवंय, आणि यादीतल्या स्थानाचा पाच महिन्यांचाही भरवसा नाही. मशिनं मी एकटा बघणार. माझं काही झालं, किंवा नुसता कंटाळा आला, तर पुढच्या माणसाला नेटवर शोधून उत्तर सापडलं पाहिजे. म्हणून सध्या दोघांत अडकलोय. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, खजिनदारांना टास्कबार ओळखीचा वाटेल, निम्मी भांडणं तिथेच मिटतील. पण ते उबुंटूच्या खांद्यावर उभं आहे आणि तो खांदा कधी झटकला जाईल याची धाकधूक खुद्द मिंटवाल्यांनाही आहे, नाहीतर थेट डेबियनवर बेतलेलं दुसरं मिंट, एलएमडीई, ते कशाला सांभाळत बसले असते?

मग वाटतं, सरळ डेबियन १३. मालक नाही, विकायला कंपनी नाही. १२ पासून इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येतं, त्यामुळे वायफायसाठी दुसऱ्या मशिनवरून फाइल आणायचा तो जुना वनवासही संपला. आणि गंमत बघ, उबुंटू, मिंट, एमएक्स, झोरिन, सगळ्यांच्या तळाशी तेच. वर कोण पहिला यावर आपण भांडत बसतो आणि खाली त्याच डेबियनचे स्वयंसेवक पॅकेजेस बांधत असतात, त्यांच्या पानावर कुणी क्लिक करो न करो. मला खरी धास्ती याची वाटते. चालू लाटेवर सगळे आर्चकडे किंवा बॅझाइट या गेमवाल्यांच्या डिस्ट्रोकडे गेले तर या खालच्या कंटाळवाण्या कामाला नवीन पोरं कुठून येणार? की हे माझं म्हातारपण बोलतंय? कर्नलच्या मुलीने तर मला परवा विचारलं, "काका, डेबियन म्हणजे सर्व्हरवाल्यांचं ना?" तिच्याकडे अर्थात कॅचीओएस. गेम झकास चालतात म्हणाली. बघितले, खरंच चालतात. मी गप्प बसलो.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचं ऑपरेशन ठरलं का, तारीख कळव, मी येतो. पोराला नोकरी लागल्याचं मास्तरकडून कळलं, तू कळवलं नाहीस, ते लक्षात ठेवलंय.

सोमवारी मला कार्यकारिणीसमोर एक नाव सांगायचंय. त्याआधी फोन कर. डेबियन की मिंट, एवढंच. स्लॅकवेअर म्हणालास तर मी फोन ठेवून देईन.

तुझाच,
अण्णा

ता. क. साउंड ब्लास्टर अजून असेल तर फेकू नकोस. मला बघायचाय.