थायलंडमधल्या फुकेतच्या जुन्या गावातून, आई-आप्पांना

ती. आई आणि आप्पा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस ना की पोरगी तिकडंच वाढली तर तिच्याजवळ आपलं काहीच राहणार नाही, ना भाषा ना सणवार, ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. फोनवर नीट बोलता येत नाही, मध्येच नेटवर्क जातं, मध्येच परी मोबाईल ओढते, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढते. पण आधी तुम्हाला आमच्या गावातून एक चक्कर मारून आणते, कारण तुम्हा दोघांच्या डोक्यात फुकेत म्हणजे बीच आणि हॉटेलं, आणि आम्ही राहतो ते जुनं गाव अगदीच वेगळंय, आमच्या गॅलरीतून समुद्र दिसतसुद्धा नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी परीला घेऊन निघाले की आधी रानोंग रोडचा बाजार. मासळी, भाज्या, केळफुलं, ओला नारळ, सगळं मिळतं. बाजारात काम करणाऱ्या बऱ्याच बायका म्यानमारच्या, गालावर पिवळसर थनाका लावलेला असतो, झाडाची साल दगडावर पाण्यात उगाळून करतात तो. पालेभाजीवाली परीच्या दोन्ही गालांना बोटाने गोल लावून देते आणि मग ही बया दुपारपर्यंत तोंड धुऊ देत नाही.

बाजारातून तसंच पुढे गेलं की जुई तुई म्हणून चिनी देऊळ आहे. आई, हे तुला मुद्दाम सांगायचंय. इथं चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात पहिले नऊ दिवस मोठा उत्सव असतो, सगळं गाव पांढऱ्या कपड्यात, मांस-मासे बंद आणि कांदा-लसूणसुद्धा बंद, दुकानादुकानांवर पिवळे झेंडे. बहुतेक वर्षी हे नऊ दिवस आपल्या नवरात्रातच येतात, 2024 ला तर 3 ऑक्टोबरला माझी घटस्थापना आणि त्यांचा पहिला दिवस एकच होता! घट बसवून खाली आले तर शेजारीपाजारी सगळे उपवासाचं खाणारे, मला इतकं बरं वाटलं काय सांगू. म्हणतात की 1825 मध्ये जवळच्या कथू गावात खाणकामगारांसाठी चिनी नाटकमंडळी आली होती, ती तापाने आजारी पडली, मग त्यांनी हे व्रत केलं आणि बरी झाली, तेव्हापासून चालू आहे. मिरवणुकीत अंगात आलेले लोक गालातून सळया आरपार घालतात, तिथं मात्र मी परीला नेत नाही.

आता आप्पा, तुमच्यासाठी. हे गाव उभं राहिलं ते कथलावर. तुम्ही सांगायचात ना, लहानपणी दारात कल्हईवाला बसला की तुम्ही तिथून हलायचा नाहीत, तर भांड्याला लावतात तेच कथील इथल्या जमिनीत होतं आणि ते काढायला एकोणिसाव्या शतकात चीनच्या फुच्यान भागातून हॉकियन लोक आले, बरेचसे मलेशियातल्या पेनांगवरून. पुढे 1907 मध्ये एडवर्ड माइल्स नावाच्या एका कॅप्टनने समुद्रातून कथील उपसायला ड्रेजर आणला आणि मग पैसा नुसता वाहायला लागला. थालांग रोड, डिबुक रोड, क्राबी रोडवरची घरं त्याच पैशातली. पुस्तकात त्याला चिनी-पोर्तुगीज शैली म्हणतात पण बांधणारे आणि राहणारे चिनीच. समोरून जेमतेम एका दुकानाएवढी रुंदी आणि आत गेलात की घर संपतच नाही, मधोमध उघडा चौक, वरून पाऊस थेट आत, चौकात विहीर, अगदी वाईच्या आपल्या आजोळच्या वाड्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. समोर दुकानांना जोडून सलग पडवी असते, म्हणजे उन्हापावसात सगळ्या रस्त्याला माणूस सावलीतून जाऊ शकतो. किती विचार करून बांधलंय! मग 1985 मध्ये जगात कथलाचा भावच कोसळला आणि हळूहळू खाणी बंद झाल्या, त्या जागी टुरिझम आलं. आता खालच्या मजल्यांवर कॅफे झालेत, फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, सोई रोमानी या गुलाबी-पिवळ्या घरांच्या गल्लीत तर पाय ठेवायला जागा नसते, पण थालांग रोडवर अजून जुनी कापडाची दुकानं आहेत, ठाण मांडून गिऱ्हाईकाला ताग्यातून कापड मोजून देणारी, मला तीच जास्त आवडतात. त्यातली काही भारतातून आलेल्या मुसलमान कुटुंबांची.

त्याच रस्त्याच्या टोकाला रोटीचं दुकान आहे, तेही तसंच मुसलमान घराचं. काका मैद्याचा गोळा हातावर आपटून आपटून असा पातळ करतात की पलीकडचं दिसतं, मग घडी घालून तव्यावर, आणि वाटीत रस्सा. रश्श्याच्या वासात धणे-बडीशेप आली की मी दोन मिनिटं गप्पच होते. काकांचे आजोबा दक्षिण भारतातून पेनांगला आणि तिथून इथं आले. काकांना तमिळ येत नाही. पण रस्सा आजीच्या हातचाच आहे म्हणतात, मसाला घरीच कुटतात, मिरची किती भाजायची हे मुलाला शेजारी उभं करून शिकवतात.

आणि आई, आता तुझ्या मुद्द्यावर येते. आमच्या खाली राहतात त्या आमा, म्हणजे आजी, बाबा समाजाच्या. चिनी पुरुष आणि इथल्या बायका यांच्या लग्नांतून हा समाज झाला. सणाला त्या केबाया घालतात, झिरझिरीत कापडाचा भरतकाम केलेला ब्लाऊज आणि खाली बाटिकचं नेसू, 2024 मध्ये केबायाला युनेस्कोच्या यादीत घेतलं तेव्हा त्यांनी पेपर मला दाखवायला वर आणला होता. पितरांच्या महिन्यात लाल रंगाचे कासवाच्या आकाराचे गोड पदार्थ करतात, त्यांची नात आता साच्यातून ते बिनचूक पाडते, देवघरात कुठला दिवा कधी लावायचा तिला पाठ आहे. पण आमा बहिणीशी हॉकियन लोकांच्या चिनी बोलीत बोलतात आणि नातवंडं उत्तर देतात थाईमध्ये. मी हे रोज जिन्यात ऐकते आणि दरवेळी पोटात कालवतं. म्हणजे आई, सणवार राहतात, खाणं राहतं, देव राहतात, ती काळजी तू करू नकोस. भाषेची मात्र तुझी भीती खरी आहे, ती आपोआप राहत नाही, कुणीतरी रोज बोलावं लागतं.

म्हणून मी ठरवलंय की घरात परीशी फक्त मराठी, तिने थाईत उत्तर दिलं तरी मी मराठीतच पुढे बोलणार. बालवाडीत ती थाई बोलते, खाली आमांकडून हॉकियनचे दोन शब्द उचलून आणते, ते मला हवंच आहे, त्यात काही काढून घ्यायचं नाहीये. पण एकट्या माझ्या बोलण्याने होणार नाही. तू रोज संध्याकाळी तिला फोन कर, पाचच मिनिटं, कसंय-बरंय एवढंच नको, गोष्ट सांग, चिमणीची, म्हातारीची, आणि आप्पा, तुम्ही तिला तुमच्या गाईचं आणि ओढ्याचं सांगा. तिला आवाज ओळखता यायला हवेत.

आणि या इकडे. डिसेंबरात या, पाऊस गेलेला असतो. आई, तुझ्या खाण्याची काळजी करू नकोस, मी घरी स्वयंपाक करतेच आणि बाहेर शाकाहारी मिळायची ठिकाणं मला माहितीयेत. ओ-एव म्हणून एक गार पदार्थ आहे, बर्फ, जेली, लाल सरबत आणि राजमा, तो तुला नक्की आवडेल. आमांना मी सांगून ठेवलंय, त्या तुझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा करणार आहेत. येताना मेतकूट, गोडा मसाला आणि परीला मोठ्या अक्षरांचं बाराखडीचं पुस्तक आण, चित्रंवालं. दादाला सांग तिकिटं लवकर काढ, नंतर महाग होतात.

तुमची,
मनू