‘मुस्तफा’चा बोर्ड भंगारात देण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेम पार्लरच्या आठवणी सांगणारा लेख वाचला. रुपयाच्या नाण्यांसाठी घरी केलेल्या लटपटी आणि खेळणाऱ्याच्या मागे उभे राहून ‘आता उडी मार’ असे बजावणारी आगाऊ मंडळी लेखकाने अचूक टिपली आहेत. मात्र ते सगळे खेळ आता मोबाइलवर फुकट मिळत असल्यामुळे पार्लरमधल्या यंत्रांची ती धुडे भंगारात गेली म्हणून काही बिघडले नाही, अशा अर्थाचे जे विधान लेखाच्या अखेरीस आले आहे, ते मला पटलेले नाही. मी व्यवसायाने टीव्ही दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात जुनी आर्केड यंत्रे, म्हणजे पार्लरमधली नाणे टाकून खेळायची यंत्रे, चालती करण्याचा उद्योग करतो, म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्यात पुण्यातील एका बंद पडलेल्या पार्लरच्या मालकांनी गोदाम रिकामे करताना एक यंत्र मला नेऊ दिले. प्लायवूडचा तळ पाण्याने फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते, जॉयस्टिकची लाल गोटी गायब होती आणि नाण्यांच्या पेटीत एक रुपयाची दोन नाणी व झुरळांची अंडी होती. वीज दिली की पडद्यावर क्षणभर अक्षरांचा चिखल दिसे आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. खेळाचे सर्किट असलेल्या बोर्डाच्या कडेला मल्टिमीटर लावला, तर पाच व्होल्टच्या जागी ४.६ व्होल्ट मिळत होते. पॉवर सप्लायमधले फुगलेले दोन कपॅसिटर बदलल्यावर खेळ सुरू झाला, पण निम्म्या पात्रांच्या अंगावर उभ्या रेघा होत्या. मग खेळाचा प्रोग्रॅम आणि चित्रे साठवणाऱ्या ईप्रॉम चिपा एकेक करून सॉकेटमधून काढल्या, त्यांचे काळे पडलेले पाय खोडरबराने घासले आणि रीडरवर वाचून प्रत्येकीचा सीआरसी आकडा (आतली माहिती बिनचूक आहे का हे दाखवणारा) ‘मेम’ या एम्युलेटरच्या, म्हणजे जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रणालीच्या, यादीशी ताडून पाहिला. एक चिप दर वाचनाला वेगळाच आकडा देत होती. तिच्या जागी नवी चिप लिहून बसवली आणि रेघा गेल्या.

यंत्रातला खेळ होता ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, म्हणजे कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ मधला, आपल्याकडे त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला जाणारा खेळ. पण हा बोर्ड कॅपकॉमचा नव्हता. मूळ बोर्डावर ध्वनीसाठी क्यूसाउंड नावाची खास रचना असते, आणि तिच्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम सांकेतिक रूपात ठेवून तो उलगडणारी किल्ली, म्हणजे गुप्त आकडा, बॅटरीच्या आधारावर जिवंत ठेवलेली असते. माझ्या बोर्डावर यांतले काहीच नव्हते. त्याऐवजी एक पीआयसी मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपेतला छोटा संगणक) आणि ओकी ६२९५ ही स्वस्त ध्वनिचिप बसवलेली होती. सरळ सांगायचे तर तो नकली बोर्ड होता.

माझा मुद्दा नेमका येथे आहे. मोबाइलवर मिळतो तो बहुधा मूळ जपानी बोर्डावरून वाचलेला खेळ, आणि त्याचा आवाज भरीव, स्वच्छ आहे. माझ्या लहानपणीच्या पार्लरमध्ये मी ऐकलेला आवाज तो नव्हे. या बोर्डावर ठोशाचा आवाज पत्र्याच्या डब्यावर काठी मारल्यासारखा येतो, पार्श्वसंगीत मध्येच तुटते, आणि दोन आवाज एकदम आले तर त्यातला एक गिळला जातो. स्पीकरमधून तो पहिल्यांदा बाहेर पडला तेव्हा माझा चाळिशीतला धाकटा भाऊ आतल्या खोलीतून काही न बोलता बाहेर आला आणि यंत्रासमोर उभा राहिला.

एम्युलेटर आहे म्हणून यंत्र नको, हा युक्तिवाद मुळातच उलटा आहे, कारण एम्युलेटर यंत्रावरूनच तयार होतो. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने फेब्रुवारी १९९७ मध्ये मेम प्रथम प्रसिद्ध केले आणि २०१६ पासून ते मुक्त परवान्याखाली आहे. पण त्यातली प्रत्येक नोंद कुणीतरी खराखुरा बोर्ड टेबलावर ठेवून त्याच्या चिपा वाचल्यामुळेच झालेली आहे. आणि चिपा वाचूनही सगळे हाती लागतेच असे नाही. तैतो कंपनीचा १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. त्याचा प्रोग्रॅम इंटेल ८०८० प्रोसेसरवर चालतो. पण त्याचे आवाज प्रोग्रॅममध्ये नाहीत, ते बहुतांशी रेझिस्टर-कपॅसिटरच्या सर्किटमधून तयार होतात. त्यामुळे मेममध्ये कित्येक वर्षे त्यासाठी आवाजांचे ध्वनिमुद्रित नमुने वापरावे लागले.

हौशी मंडळींची चिकाटी कोठवर जाते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कॅपकॉमची पुढची, १९९३ मध्येच आलेली सीपीएस-२ ही रचना. तिच्यात मुख्य प्रोग्रॅमच सांकेतिक असे आणि तो उलगडणारी २० बाइटांची किल्ली ३.६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर टिकून असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई, आणि तिन्हीत्रिकाळ ठणठणीत दिसणारा बोर्ड नुसता एकरंगी पडदा दाखवत बसे. संकेताची रीत २००७ मध्ये उलगडली, पण मूळ बोर्डात किल्ली परत भरायची कशी हे कोडे शिल्लक राहिले. ते २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ, आर्तेमिओ उर्बिना आणि इयन कोर्ट यांनी सोडवून जाहीर केले. आता आर्डुइनो हा चार पैशांचा, हवा तसा प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड आणि काही तारा यांच्या साहाय्याने मेलेला बोर्ड जागा करता येतो. अर्थात तो बोर्ड तोवर कुणी सोने काढण्यासाठी जाळला नसला पाहिजे.

नकली बोर्डांची एवढी कड घेणे काहींना खटकेल. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार संगणक-प्रोग्रॅमची प्रत नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून करून ठेवण्याची मुभा कायदेशीर ताबा असणाऱ्यालाच आहे; चोरीच्या प्रतीची प्रत हा प्रश्न त्यात सहज बसत नाही, हे मी मान्य करतो. मी त्या प्रती विकत नाही व वाटतही नाही. परंतु गोष्ट अशी की, कॉपी करणाऱ्यांनी बॅटरीची भानगडच काढून टाकल्यामुळे आपल्या गोदामांतले हे बोर्ड तीस वर्षांनीही बोलतात, आणि त्यांचा इतिहास कोणतीही कंपनी जपणार नाही.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर किंवा गाळ्यात अशी यंत्रे आहेत, त्यांनी अख्खे यंत्र सांभाळावे असा माझा आग्रह नाही. आर्केड बोर्डांच्या जोडणीसाठीच्या १९८५ च्या जामा मानकानंतर बहुतेक बोर्ड ५६ टोकांच्या एकाच कनेक्टरवर बसू लागले, त्यामुळे पेटी तीच ठेवून मालक आतला खेळ बदलत असत. पेटी कोणताही सुतार पुन्हा करून देईल. बोर्ड तेवढा काढून, ईप्रॉमवरचा कागद न सोलता (त्याखालच्या काचेतून अतिनील किरण गेले की आतली माहिती पुसते), कोरड्या खोक्यात ठेवावा. बॅटरी दिसली तर ती काढू नये आणि जाणकाराला दाखवावे. पिक्चर ट्यूबला मात्र हात लावू नये. वीज बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो आणि तिच्या काचेत शिसे असते, म्हणून ती अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच जावी. अशा केंद्रांनी आणि सोसायट्यांमधल्या संकलन शिबिरांनी वजनकाट्यावर टाकण्यापूर्वी खेळांचे बोर्ड बाजूला काढून जवळच्या तंत्रनिकेतनाला दिले, तर पदविकेच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पासाठी दर वर्षी तेच ते पाण्याच्या टाकीचे अलार्म करावे लागणार नाहीत.

माझ्या बोर्डाचे काम अजून अपुरे आहे. ध्वनी सांभाळणाऱ्या त्या पीआयसी चिपेला वाचनबंदी आहे. रीडरवर तिच्यातून अर्थहीन मजकूर येतो. ती उघडण्याचे जे मार्ग आहेत त्यांत चिप कायमची जाण्याचा धोका असल्यामुळे एकुलत्या एका नमुन्यावर मी तो प्रयोग करणार नाही. तसाच दुसरा बोर्ड कुठून मिळाला, तर एक चालता ठेवून दुसऱ्यावर हात चालवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे