मागच्या खोलीचा आवाज आधी ऐकू या

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र मंगळवारी मिळाले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतली 12 लाखांची मुदत ठेव मोडून ती मला ध्वनिमुद्रण स्टुडिओसाठी देण्याची तयारी तुम्ही दाखवली आहे, आणि त्याच पत्राच्या शेवटी आईने दोन ओळींत विचारले आहे की मिरजेत गिऱ्हाईक कोण येणार. फोनवर मी तुमच्या मायेपुढे काहीतरी अर्धवट कबूल करून बसले असते, म्हणून लिहीत आहे. ती ठेव मोडू नका. स्टुडिओ करायची माझी इच्छा खरी आहे. पण ध्वनिमुद्रणातल्या माझ्या तीन वर्षांच्या अनुभवाला जेवढा पेलेल तेवढाच तो आज असावा, असे मला वाटते.

मला काय येते ते आधी सांगते. निवेदन, डबिंग आणि बोलकी पुस्तके ही कामे मी आता कोणाच्या मदतीशिवाय पूर्ण करते. एकाच माणसाचा आवाज आठ-आठ दिवस घेताना पहिल्या दिवशीचा आणि शेवटच्या दिवशीचा आवाज एकाच बैठकीतला वाटावा, यासाठी मायक्रोफोनपासूनचे अंतर, बसण्याची उंची आणि खोलीतली शांतता सांभाळावी लागते, ते माझ्या हातात बसले आहे. पूर्ण वाद्यवृंदाचे तसे नाही. ड्रमसाठी मायक्रोफोन मी अनेकदा लावले, पण दुसऱ्याने जागा दाखवल्यावर.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग तुम्हाला सांगितला नव्हता. एका ज्येष्ठ गायिकेचे ध्वनिमुद्रण होते. तालमीत त्या मंद्रात, सावकाश गात होत्या आणि त्या अंदाजाने मी आवाजाची पातळी बांधली. प्रत्यक्ष मुद्रणात त्यांचा तारषड्ज लागला आणि मुद्रणातला आवाज फाटला. डिजिटल मुद्रणात मर्यादेपलीकडे जाऊन कापला गेलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही. 24 बिटच्या, म्हणजे बारीक आवाजही स्वच्छ टिपणाऱ्या मुद्रणात पातळी बरीच खाली ठेवली तरी चालते, हे मला ठाऊक होते, पण ऐन वेळी हात तसा वळला नाही. आमच्या मुख्य ध्वनिमुद्रकांनी बाईंची क्षमा मागितली, चहा मागवला, त्यांच्याशी त्यांच्या गुरूंविषयी बोलत बसले आणि अर्ध्या तासाने तीच बंदिश त्यांच्याकडून पुन्हा गाऊन घेतली. यंत्रे मी शिकले आहे. दुखावलेल्या कलावंताला पुन्हा गायला बसवणे मला अजून शिकायचे आहे, आणि स्वतःच्या स्टुडिओत ते माझ्याऐवजी करणारे कोणी नसेल.

पैशांचेही मी पाहिले. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायाचा 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, शहरी भागात महिलेला 25 टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा वाटा 5 टक्केच घालावा लागतो. ऐकायला हे फार सोपे वाटते. पण उरलेले बँकेचे कर्ज असते आणि पावसाळ्यात महिनाभर कोणी फिरकले नाही तरी हप्ता भरावाच लागतो. पहिल्याच वर्षी हप्त्यासाठी मिळेल ते काम घ्यायची वेळ आली, तर ज्यासाठी हे करायचे तेच मागे पडेल. माझ्या बचतीचे साडेतीन लाख आहेत, आणि त्यातच बसेल एवढे करायचे असे मी ठरवत आहे.

म्हणून मला भाड्याची जागा नको, आपल्या घराची मागची खोली हवी आहे. दिवाळीत मी ती मोजली. 10 फूट रुंद, 14 फूट लांब आणि साडेअकरा फूट उंच. तांब्यात तोंड घालून आवाज केला की एकच सूर घुमतो, तसे लांबी-रुंदी-उंची सारखी असलेल्या खोलीत होते: 10 फुटांच्या चौकोनी खोलीत सुमारे 56 हर्ट्झचा खर्ज तिन्ही दिशांनी एकदम फुगतो. आपल्या खोलीची तिन्ही मापे वेगळी असल्याने हा दोष विभागला जातो, आणि आजोबांनी बांधलेल्या दीड फुटी भिंतींइतकी जड भिंत आज मला परवडली नसती. अंड्यांचे ट्रे किंवा फोम भिंतीला चिकटवून बाहेरचा आवाज थांबत नाही, त्याने फक्त आतला घुमारा कमी होतो; बाहेरचा आवाज थांबवायला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. तेव्हा खर्च दार, खिडकी आणि छतावर होईल. छत पत्र्याचे असल्याने तीच माझी मोठी काळजी आहे.

आई, आता तुझा प्रश्न, जो सगळ्यांत नेमका आहे. फोनवर हल्ली कोणीही गाणे मुद्रित करतो, तेव्हा केवळ यंत्रांसाठी कोणी आपल्याकडे येणार नाही. शांत खोली आणि ऐकणारा कान यांसाठी येतील. पुण्याची निवेदनाची कामे मला घरून करता येतील, त्यावर पहिले वर्ष निघावे. पण माझ्या मनात आपल्या गावचे सतारमेकर आहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि दूरच्या गिऱ्हाइकाला तंबोरा पाठवायचा तर त्याला आधी तो ऐकवावा लागतो. जवारी म्हणजे घोडीवर तार टेकते तिथून उठणारी झणकार; उत्तम जवारी आणि साधारण जवारी यांतला फरक ज्या बारीक वरच्या स्वरांत असतो, ते पंख्याच्या आवाजाखाली सगळ्यांत आधी दबतात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, त्या गावात एक तंबोरा निवांत मुद्रित करायला जागा असावी, ही गोष्ट मला मनापासून हवीशी वाटते. भजनी मंडळे आणि कीर्तनकारही येतील. ढोल-ताशा आणि ड्रमला मात्र मी नम्रपणे नाही म्हणेन.

नोकरी मी आणखी एक वर्ष सोडणार नाही. या वर्षात गाण्यांची मुद्रणे अधिक मागून घेईन, आणि दर महिन्याचे दोन दिवस मिरजेला येऊन खोलीचे काम करीन.

तोवर बाबा, तुमच्याकडून एक मदत हवी आहे. आपल्या घरापासून रेल्वे जवळ आहे, आणि मालगाडीचा घरघराट जमिनीतून येतो. तो भिंतीने अडत नाही. येत्या आठवड्यापासून पंधरा दिवस मागच्या खोलीत बसून, दार-खिडकी लावून, केव्हा काय ऐकू येते ते वेळेसह एका वहीत लिहाल का? गाडी, मशिदीची अजान, देवळातली घंटा, शेजारची पाण्याची मोटर, सगळे. रात्री तुम्ही जागू नका. आवाज टिपणारे छोटे यंत्र मी पाठवत आहे, ते आईने झोपण्यापूर्वी सुरू करून ठेवावे. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी कोयना एक्स्प्रेसने येईन, तेव्हा आपण तिघे ती वही आणि ते मुद्रण शेजारी ठेवून ऐकू. दिवसातून सलग चार तास जरी खोली शांत मिळाली, तर दाराचे माप सुताराला द्यायचे. नाही मिळाली, तर तुमची धान्याची कोठी तिथेच राहू दे.

तब्येतीला जपा. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

तुमची लेक