बाबा, गाडीची ती दुसरी चावी सापडली का?

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

गाडी चोरीला गेली म्हटल्यावर फोनवर बाबा एकदम गप्पच झाले म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, आई तू मोठ्यानं वाचून दाखव त्यांना.

फास्टॅग अजून बाबांच्याच नंबरला आहे ना, म्हणून कोगनोळी टोलचा मेसेज आजऱ्याला आला आणि बाबांना वाटलं आम्ही न सांगता बेळगावला निघालो. बाबा, तेव्हाच फोन केला असता तर, असलं काही मनात आणू नका, आम्ही उठायच्या आत गाडी बॉर्डर पार झाली होती. उलट तो मेसेज कामाला आला, पोलिसांना वेळेसकट दाखवला आणि मगच बँकेला सांगून फास्टॅग बंद केला. तेवढा डिलीट करू नका, तुम्हाला मेसेज झाडून काढायची लै सवय आहे!

फिर्याद मी दिली, चालतं तसं. एफआयआरवर बीएनएस (नवी भारतीय न्याय संहिता) कलम ३०३(२) लिहिलंय, म्हणजे पूर्वीचं आयपीसीचं ३७९, चोरी. मला घाई त्याचीच होती कारण गाडी तुमच्या नावावर, उद्या त्यातनं कुणी गोव्याची दारू आणली किंवा कुणाला ठोकलं तर पोलीस आधी आरसीवरच्या मालकाला शोधत येणार. कर्नाटकातलं चलन बिलन आलं तर भरू नका, फोटो मला पाठवा, गाडी कुठं फिरतेय ते त्यावरनंच कळेल.

आता इन्शुरन्स. आपली पॉलिसी नुसती थर्ड पार्टी नाही म्हणून निभावलं, नाहीतर चोरीचा एक रुपया मिळाला नसता. पण कंपनी दोन्ही चाव्या मागते. दुसरी तुमच्याकडं आहे, कपाटात नसली तर आईच्या शिवणाच्या डब्यात बघा. त्यांचा माणूस तुम्हाला फोन करेल, गाडी कोण वापरतं, चावी कुणाकडं असते, तर सरळ सांगा लेक-जावई वापरतात म्हणून, लपवण्यासारखं काय आहे त्यात. ओटीपी मात्र कुणी मागितला तर फोन ठेवून द्या, कितीही गोड बोलू दे.

पैसे लगेच नाही मिळणार. तपासात गाडी सापडलीच नाही तर पोलीस कोर्टात ‘अ’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, ती मंजूर झाली की मग क्लेम पुढं सरकतो. मिळणार तेही पॉलिसीवरच्या आयडीव्हीएवढंच, म्हणजे पॉलिसीत गाडीची जी किंमत धरलीय तेवढंच, तुम्ही घेतली त्या किमतीएवढं नाही. गाडीची मालकी बदलायला लागणारे आरटीओचे फॉर्म २८, २९, ३० सह्यांसाठी पाठवेन, त्यावर कंपनीचं नाव घातलेलं असेल. गाडी विकताना पण २९-३० च लागतात, म्हणून कोऱ्यावर सही कुणालाच द्यायची नाही, ओळखीचा एजंट असला तरी.

आणि आई, जोतिबाला नारळ द्यायचा राहिला म्हणून गाडी गेली, हे बाबांना ऐकवणं बंद कर. गल्लीत रात्री अंधार असतो म्हणून गेली, बास. नव्या गाडीसाठी पेन्शनीतले पैसे काढायचं तर बोलूच नका, आमचं स्कूटरवर भागतंय, मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी.

दादा रविवारी इकडं येणार आहे, त्याच्या हातात चावी द्या, एसटीच्या पार्सलनं नको. घनसाळ तांदूळ द्यायचाच असेल तर दे आई, पण चावी त्या पिशवीत टाकू नको.

तुमची,
मोठी