काका, त्या दिवशी मला घोड्यावर बसू दिलं नाहीत त्याबद्दल थँक्यू

प्रिय काका,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये, तुमची नात संध्याकाळी क्लासवरून आली की वाचून दाखवेल. तिला सांगून ठेवलंय की मधले आकडे गाळायचे नाहीत, काकांना आकडेच जास्त आवडतात. नाव टाकू नका असं तुम्ही बजावलंत म्हणून टाकत नाहीये, पण हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण माझ्यासारखे चाळिशीत घोडेस्वारी शिकायला निघालेले बरेच जण भेटतात आणि त्यांना यातलं काही कोणी सांगितलेलंच नसतं.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्टमधला रविवार होता. मी ४३ वर्षांची, ५ फूट ८ इंच, ८६ किलो, दुसऱ्या एका ठिकाणी चार महिने घोडेस्वारी शिकून, तुम्ही घोडे सांभाळता तिथे, तुमच्याकडे आलेली. तिथे पहिल्या दिवसापासून मला एक बुटका तांबडा पोनी द्यायचे, का तर नवीन माणसाला उंच घोड्यावर भीती वाटते. आणि खोगीर एकच, सकाळच्या बॅचला दहा वर्षांची मुलं बसायची तेच नंतर मला. मी त्यात मावायचेच नाही, मागच्या काठावर बसल्यासारखी व्हायचे, गुडघे खोगिराच्या बाजूला लोंबणाऱ्या पाळीच्या बाहेर, मांड्या काळ्यानिळ्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, मॅडम वजन कमी करा म्हणजे बॅलन्स येईल. एकदा खोगीर उतरवल्यावर मी त्या पोनीच्या पाठीवर सहज हात फिरवला तर तो पाठ एकदम खाली दाबून बाजूला सरकला. मी म्हटलं हे काय, तर म्हणाले माशी बसली असेल. आणि मी ते मान्य केलं काका. ते मला अजून टोचतं.

तुमच्याकडे आले तेव्हाही मी सवयीने सगळ्यात छोट्या घोड्याकडेच गेले. तुम्ही तोबरा (घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) बांधत होतात, मान वर करून नुसतं बघितलंत आणि म्हणालात, "ताई, ह्याच्यावर नका बसू." माझा चेहरा पडला असणार, कारण पुढचं वाक्य तुम्ही लगेच बोललात, "तुमचं काय बी चुकलं नाय, ह्याची पाठ ल्हान हाय."

काका, हे वाक्य मला तोपर्यंत कोणीही म्हटलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघून बोलायचे, तुम्ही घोड्याकडे बघून बोललात.

मग तुम्ही खिशातून सुतळी काढलीत. शिंप्याचा टेप दीडशे सेंटीमीटरला संपतो म्हणून सुतळी आधी घोड्याभोवती धरायची आणि मग टेपवर मोजायची, ही तुमची पद्धत. पुढच्या पायांच्या लगेच मागून, मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याच्या मागून छातीचा घेर घ्यायचा, तो भरला १५२ सेंटीमीटर. खांद्याच्या टोकापासून मागे पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, टोकापर्यंत लांबी १३०. आणि दाणागोटाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलेलं ते गणित, कधीतरी एका डॉक्टरांनी शिकवलेलं, घेर गुणिले घेर गुणिले लांबी भागिले ११८८०, की किलोमध्ये अंदाजे वजन येतं. मी मोबाइलवर केलं, २५३ आलं. घोड्यावर जास्तीत जास्त त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा ओझं घालायचं, म्हणजे ५० किलो. "खोगीर धरून," तुम्ही म्हणालात. मी, खोगीर, बूट, हेल्मेट मिळून ९७. म्हणजे मी आधीच्या ठिकाणी तेवढ्याच अंगाच्या पोनीवर चार महिने जवळजवळ दुप्पट ओझं घालत होते.

नंतर घरी येऊन मी वाचत बसले. अमेरिकेत ओहायोमध्ये २००८ साली आठ घोड्यांवर एक अभ्यास झाला होता, त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझं देऊन बघितलं. २५ आणि ३० टक्क्यांना पाठीचे स्नायू दुखरे आणि ताठर झालेले दिसले. आणि त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे जी वाचून मी खुर्चीतून उठले, ज्या घोड्यांची कंबर रुंद होती त्यांना त्रास कमी झाला. तुम्ही मला त्याच सकाळी म्हणाला होतात, "उंची नंतर बघा, आधी कंबर बघा, मंग पुढच्या पायाची नळी बघा." गुडघ्याखाली नळीभोवती हात लावून दाखवलात तेव्हा मला वाटलं होतं हा तुमचा अंदाज असेल. तुमचं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि ते लोक युनिव्हर्सिटीतले, पण बोट दोघांनी एकाच जागी ठेवलं.

तुम्हाला हे कुठून आलं तेही त्याच दिवशी कळलं. तुमच्या वडिलांची मेंढरं, पावसाळा संपला की कोकणच्या बाजूला निघायचं, आणि सगळं बिऱ्हाड भीमथडीच्या तट्टांवर. भांडी, वाघरं (मेंढरं कोंडायची जाळी), घोंगड्या, कोंबड्या, कधी वर बसवलेलं लहान पोर. तुम्ही सांगितलंत की ओझं दोन्हीकडे सारखं नसेल तर तट्टू संध्याकाळपर्यंत वाकडं चालायला लागतं, म्हणून वडील हातात धरून दोन्ही बाजू तोलायचे आणि मगच लादायचे. आणि भांड्याचं ओझं निदान गप बसतं, माणसाचं ओझं हलतं, ज्याला अजून बॅलन्स नाही तो साठ किलोचा माणूस पाठीवर आदळून ऐंशीच्या माणसापेक्षा जास्त त्रास देतो. मी हे प्रत्येक नवीन माणसाला सांगते आता.

मग तुम्ही मला त्या घोडीपाशी नेलंत. रेसमधून रिटायर झालेली, काळपट, १५.३ हात, म्हणजे ६३ इंच (वाचणाऱ्यांसाठी सांगते, हा हात म्हणजे ४ इंच, आणि पॉइंटनंतरचा आकडा दशांश नसून उरलेले इंच असतात, मी सुरुवातीला १५.३ म्हणजे सव्वापंधरापेक्षा थोडं जास्त असं धरत होते). घेर १८८, लांबी १६५, वजन आलं ४९१ किलो. पाचवा हिस्सा ९८. मी ९७. मी आनंदाने टाळी वाजवणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात की हे काठावर आहे. काठावर म्हणजे अर्धा तासच, सकाळीच, एप्रिल-मे मध्ये सात वाजल्यानंतर नाही, चढ आला की उतरून चालायचं, आणि ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, बसून आपटायचं नाही, उठायचं. घोडी म्हातारी झाली किंवा आजारातून उठली असेल तर हा हिस्साही लागू नाही. तुम्ही कधीही मला वजन कमी करा म्हटलं नाहीत, पण घोडीच्या बाजूने एक किलोची सूटही दिली नाहीत.

खोगिराचा भाग मात्र मला सविस्तर लिहायचाय कारण तिथे मी सगळ्यात जास्त चुकत होते.

मला वाटायचं मोठ्या माणसाला मोठं खोगीर, विषय संपला. तुम्ही मला आधी बसायला लावलंत, लाकडी घोडीवर ठेवलेल्या साडेसोळा इंची खोगिरात, आणि माझ्या मागे हात घातलात तर हात शिरेचना. बसल्यावर मागे चार बोटं, साधारण तळव्याएवढी जागा राहायला हवी. मग साडेसतरा, मग अठरा. अठरामध्ये मी पहिल्यांदा खोगिराच्या मध्यभागी बसले. हे इंच पुढच्या बाजूच्या त्या छोट्या बटणासारख्या खिळ्यापासून मागच्या काठाच्या मध्यापर्यंत मोजतात हेही तेव्हा कळलं. आणि माप कमरेवरून ठरत नाही तेवढं मांडीच्या लांबीवरून ठरतं, माझ्या मांड्या लांब आहेत, म्हणजे मी दहा किलोने बारीक झाले असते तरी त्या मुलांच्या खोगिरात मावले नसते! हे ऐकून मी तिथेच रडले होते, तुम्ही बादली उचलून पाणी आणायला गेलात, मुद्दाम गेलात हे मला कळलं होतं.

पण मग तुम्ही म्हणालात, आता घोडीला विचारू. अठरा इंची खोगीर लांब असतं आणि घोड्याच्या पाठीवर जागा ठरलेली असते. शेवटची बरगडी पोटाकडून बोटाने चाचपत वर पाठीच्या कण्यापर्यंत न्यायची आणि तिथे खडूची रेघ मारायची, खोगिराची गादी त्या रेघेच्या मागे जाता कामा नये, कारण त्यापुढे खाली बरगड्यांचा आधारच नाही, नुसती कंबर. म्हणजे मोठ्या माणसाला मोठं खोगीर लागतं, मोठ्या खोगिराला लांब पाठ लागते, आणि आखूड पाठीचा घोडा कितीही मजबूत असला तरी तिथे गाडी अडते. उंच घोडा शोधणाऱ्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं, कारण उंची तर माझे पाय पोटाखाली लोंबकळू नयेत एवढ्यासाठीच लागते, ते काम घोड्याच्या पोटाचा घेरही करतो.

मग नमदा (खोगिराखाली घालायची जाड घडी) न घालता खोगीर थोडं पुढे ठेवून मागे सरकवायचं, जिथे आपोआप बसेल तिथे सोडायचं. उंचवट्यावर दोन-तीन बोटं जाताहेत का, मागून बघितलं तर कण्यावरून बोगद्यासारखा उजेड आरपार दिसतोय का, खांद्यापाशी आत हात घालून वरून खाली नेला तर कुठे चिमटतोय का. रेसच्या घोडीचा तो उंचवटा फार वर आलेला असतो म्हणून पहिलं अठरा इंची नापास झालं, आतला सांगाडा रुंद होता आणि मी बसल्यावर पुढून हाडावर टेकत होता. दोन नमदे घालू का असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात बूट मोठा झाला म्हणून दोन मोजे घातले तरी तो आपल्या मापाचा होतो का? नमद्याने चुकीचं माप बरोबर होत नाही.

शेवटी तुम्ही ते कानपूरचं जुनं खोगीर माळ्यावरून काढलंत. गादीतली लोकर गोळे गोळे झालेली, तुम्ही आणि तुमच्या ओळखीच्या मोच्याने दोन दिवस बसून ती पूर्ण उपसून पुन्हा भरली, डावी-उजवी तोलून. आपण कामाचं नसलेल्या भरण्याला खोगीरभरती म्हणतो ना, त्या दोन दिवसांनंतर माझ्या तोंडून तो शब्द त्या अर्थाने निघत नाही. चांगली भरती असेल तर सगळं वजन पाठीवर पसरतं, आणि नसेल तर एका जागी रुततं.

आणि मग वीस मिनिटं चालवून खोगीर उतरवलं तेव्हा तुम्ही मला घाम वाचायला शिकवलात. दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा हवा, मध्ये कण्यावर कोरडी पट्टी हवी. ओल्या ठशात एखादा कोरडा डाग दिसला तर तिथे बहुतेक फार दाबलं जातंय, आणि असंच चालू राहिलं तर नंतर तिथे पांढरे केस येतात. मला एकदम तो तांबडा पोनी आठवला, त्याच्या पाठीवर दोन पांढरे ठिपके होते, मी ते त्याचं सौंदर्य समजायचे, फोटोसुद्धा काढलेत.

मागच्या डिसेंबरमध्ये दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेत माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्यासाठी घोडा बघायला तुम्ही आमच्याबरोबर आलात, एवढ्या लांब तापीकाठपर्यंत, गुडघा दुखत असताना, त्याबद्दल तर किती आभार मानू. तिथे सगळे इंचांत बोलतात, ६४ इंच, ६५ इंच, नुकरा म्हणजे पांढरा रंग, नाचतो कसा, अंगावर केसांचे भोवरे कुठे आहेत. तुम्ही ६५ इंची म्हणून दाखवलेल्या एका घोड्याला आधी सपाट जमिनीवर उभं करायला लावलंत आणि मोजला तर ६२ भरला, आणि मग नळी बघून नको म्हणालात. मैत्रिणीच्या नवऱ्याने शेवटी घेतली ती ६१ इंची रुंद कमरेची घोडी, जिच्याकडे आम्ही बघतही नव्हतो. तो स्वतः ७० किलोचा, तिला काही त्रास नाही, मस्त चाललंय दोघांचं.

माझी प्रगती तुम्हाला माहितीच आहे. मांडीवर डाग पडत नाहीत, कँटर, म्हणजे ट्रॉटपेक्षा वेगाची चाल, जमायला लागला. पण मला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त आनंद होतो ती म्हणजे राइड संपल्यावर मी घोडीच्या पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेते आणि ती तशीच उभी राहते, डोळे अर्धे मिटून. खरारा करताना तर मान लांब करते. दर रविवारी मी घरी जाण्याआधी हेच बघते. तुम्ही लांबून बघत असता, मला माहितीये.

त्या पोनीबद्दलही सांगायचं होतं. मी मागच्या महिन्यात तिथे परत गेले होते, भांडायला नाही, तुमची सुतळीची पद्धत आणि गणित कागदावर लिहून घेऊन. तिथल्या मुलाने, जो घोड्यांचं सगळं बघतो, त्याने नीट ऐकून घेतलं, माझ्यासमोर दोन घोडे मोजले. आता पोनीवर फक्त लहान मुलं बसतात असं म्हणाला. मी पोनीच्या पाठीवर हात फिरवला, या वेळी दबला नाही पण कान मागे केले त्याने. वेळ लागेल.

रविवारी सव्वासहाला येते. तुमच्यासाठी कापडी टेप घेतलाय, तीन मीटरचा, तुमच्या टेपवरचे पहिले आकडे पुसले गेलेत. सुतळी मात्र फेकू नका, ती मला हवीये.

तुमची,
काळ्या घोडीवाली ताई