तोतरेपणाबद्दल, तू विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

मुलगा अडखळतोय ते वयाचं आहे की तोतरेपण, आणि आमचंच काही चुकलं का, असं तू विचारलंयस. आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, नाही रे, तुमचं काहीच चुकलेलं नाही.

पहिल्याचं मात्र अवघड आहे, कारण तोतरेपण म्हणजे नक्की काय यावर तज्ज्ञांचंही पूर्ण एकमत नाही. अक्षर परत परत येणं, आवाज लांबणं, शब्द घशातच अडकणं ही कानाला कळणारी लक्षणं झाली, पण अडीच-तीन वर्षांचं कुठलंही पोर "मी मी मी पण येणार" म्हणतंच की, मग रेष कुठे ओढायची? आणि माझंच बघ, अडणारा शब्द येतोय हे मला आधीच कळतं आणि मी पटकन दुसरा घालतो, ऐकणाऱ्याला काही कळतच नाही, म्हणजे व्याख्या फक्त कानावर ठेवली तर मी तोतरा नाहीच! माझ्या मते खरी खूण आतली आहे, काय बोलायचंय ते पक्कं माहीत असतं आणि तरी त्या क्षणी तोंड आपलं ऐकत नाही.

कारणांचंही तसंच. 1930 च्या दशकात अमेरिकेत वेंडेल जॉन्सन हा मानसशास्त्रज्ञ म्हणायचा की आईबापांनी "तोतरा" ठरवल्यामुळेच मूल तोतरं होतं, आणि कित्येक आया उगाच स्वतःला दोष देत बसल्या. आता घराण्यात चालत येणारा भाग मोठा आहे हे कळलंय, 2010 मध्ये त्याच्याशी जोडलेली काही जनुकंही (जीन्स) सापडली, पण ती थोड्याच लोकांत. मेंदूत बोलण्याच्या हालचालींचं टायमिंग जुळत नाही हा एक भाग, म्हणून तर गाताना किंवा सगळ्यांबरोबर म्हणताना बहुतेकांचं अडखळणं जवळपास थांबतं. स्ट्रोक किंवा डोक्याला मार लागल्यावर मोठेपणी सुरू होतं ते वेगळंच. टेन्शनने वाढतं हे खरं, पण लहानपणी सुरू होणारं त्याच्यामुळे होतं असं नाही.

साधारण 5 टक्के मुलं कधी ना कधी अडखळतात आणि बहुतेकांचं आपोआप जातं, मोठ्यांत 1 टक्क्याच्या आसपास उरतं. तरी तो बोलताना जोर लावत असेल, डोळे मिटत असेल किंवा बोलणंच टाळत असेल तर थांबू नका, स्पीच थेरपिस्टला दाखवा. "हळू बोल, श्वास घे" म्हणू नका, वाक्य त्याचं त्याला पुरं करू द्या. आणि तुझ्या किंवा वहिनीच्या घरात कुणी अडखळायचं का ते विचारून ठेव, थेरपिस्ट ते नक्की विचारतील.

तुझा मित्र